दुसरी तोटी

नोव्हेंबर लागला की सासरे
रोज संध्याकाळी, धारा काढून झाल्या की,
बादली घेऊन शेडात जातात
आणि उर्सुसचं पाणी काढतात.

आता ते पाणी नाही.
दोन वर्षांपूर्वी मी त्यात हिरवं अँटिफ्रीझ भरलं,
ब्यावीस्तोकहून बसने आणलेलं, मांडीवर कॅन धरून.
तीनदा सांगितलं. ट्रॅक्टरच्या कपाळावर खडूने लिहिलं :
काढू नये.
ते वाचतात, मान डोलावतात,
आणि खाली वाकून तोटी सोडतात.

आधी रेडिएटरची. समोरची, सोपी.
मग इंजिनाच्या कुशीतली, नळ्यांच्या मागे,
जिथे हात घालायचा म्हणजे कोपर काळं होतं.
ती गंजाने बुजते,
म्हणून कोटाच्या खिशात सायकलच्या चाकाची एक तार.
तार आत फिरवून ते थांबतात,
कान लावून,
शेवटचा थेंब तुटेपर्यंत.

"पहिली सगळेच सोडतात," म्हणतात,
"ब्लॉक फुटतो तो दुसरीमुळे."
हे एक वाक्य अजून जागच्या जागी आहे.
बाकीचं, म्हणजे माझं नाव,
सेवेरिन नॉर्वेत मासे कापायला गेलाय हे,
सासूबाई गेल्या हे,
कधी असतं, कधी नसतं.

सकाळी मी बादलीवरची वीट उचलते, मग झाकण.
झाकायला लागतं, कारण ते हिरवं गोड असतं
आणि कुत्र्याला विषातलं गोडच आधी कळतं.
जुन्या मोज्यातून गाळते. मोज्यात उरतो
तांबूस गाळ आणि एखादं तूस.
पुन्हा ओतते. होज दाबून बघते,
बोटांखाली करकरला तर बदलायचा.
रोज. भांडून काही होत नाही,
भांडण ते विसरतात, तोटी नाही.

तसं मी बरंच शिकले.
थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून
सासूबाईंच्या बटाट्याच्या पातेल्यात सोडला.
पाणी उकळायच्या जरा आधी तो उघडला,
झोपेतल्या माणसाने ओठ उघडावेत तसा.
(त्या पातेल्यात आता बटाटे होत नाहीत.
का, ते सासरे दर रविवारी विचारतात.)
पट्टा अंगठ्याने दाबायचा, बोटभर खाली गेला की पुरे.
रेडिएटरच्या जाळीतलं गवत आतून बाहेर फुंकायचं,
बाहेरून फुंकलं तर आणखी रुतून बसतं.
हे मी उलटं करून शिकले.

ऑगस्टमध्ये गवत बांधताना खालचा होज पाझरला.
पश्चिमेला आभाळ काळं झालेलं, निम्मं कुरण बाकी.
चरातलं पाणी डब्याने ओतलं,
दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग आठवडाभर.
पुढे होज बदलला.
पाण्याचं विसरले.

जानेवारीत एका रात्री उणे सत्तावीस.
बर्चचे बुंधे तडकल्याचे आवाज घरात ऐकू आले.
सकाळी शेडात बादली :
तळ फुगून बाहेर आलेला,
आत बर्फ, जेमतेम हिरवा.
वीट तशीच वर.

मी त्या फुगलेल्या तळाकडे बघत राहिले.
मग वाकले, नळ्यांमागे हात घातला.
दुसरी तोटी सताड उघडी होती,
तार तिच्यातच राहिलेली,
बोटांना चिकटली इतकी गार.

घरात सासरे चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते.
"पोरी, तू कुणाची?"
"ट्रॅक्टरवाली," म्हटलं.
"बरं," म्हणाले, आणि जरा विचार करून,
"मग दुसरी विसरू नकोस."

नाही म्हटलं.
दाराशी त्यांचा कोट होता.
तार फडक्याने पुसून
खिशात ठेवली.