रिंगेची फट

गॅरेजबाहेर उणे एकोणतीस.
चौथा पिस्टन राइलीने खिडकीत ठेवलाय,
कड वितळलेली.
वेइक्कोची करणी: अजून थोडा बूस्ट, अजून थोडा.
इनारीच्या वाटेवर गाडी बंद पडली,
तो चालत निघाला.

नवे पिस्टन घडीव.
रिंगेची फट ती कानशीने वाढवते,
केसभर, मोजते, परत केसभर.
तापलं की लोखंड फुगतं,
त्याची जागा आधीच सोडावी लागते.

प्लग काढून इंजिन नुसतंच फिरवते
तेलाचा काटा उठेपर्यंत.
मग प्लग. मग किल्ली. खोकला,
आणि चारही सूर धरतात.
दीड बार सहज झेपेल आता;
ती एकावर स्क्रू आवळते.

शेजारचा हेइमो दारातून विचारतो, किती पळेल?
ती हात पुसत राहते.
"घरी येईल."