शेरा

चौथीच्या वर्गात सतरा जण झोपत होते,
बारा ते वीसच्या पाढ्यांखाली.
काजूच्या कारखान्याने फाटक लावून घेतलं
आणि डिचोलीची ही मराठी शाळा उघडून दिली त्यांना.

माझी ड्यूटी फॉर्म भरायची.
नाव, गाव, आधार, ताप आहे काय, कुठल्या गाडीने जाणार.
गाडीचं कोणालाच ठाऊक नव्हतं,
तो रकाना मी सोडून द्यायचे.

डोबरो गागराई, वय सव्वीस, चाईबासाच्या पुढे कुठेतरी.
अंगठा टेकवला तर नुसता शाईचा डाग.
टरफलाच्या तेलाने कातडी सोलून निघालेली,
एकही रेघ शिल्लक नाही.
पुन्हा दाब, म्हटलं. पुन्हा डाग.
तेव्हा त्याने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं :
इधर क्या लिखते, मॅडम?
शेरा, म्हटलं. काही सांगायचं असलं तर.

तर तो भिंतीकडे तोंड करून बोलू लागला,
मास्क हनुवटीवर,
त्याच्या भाषेत, हळू,
तुकडा संपला की पावलाने फरशीवर एक ठेका.
मागे पत्ते खेळणारे थांबले.
एकाने टोपी काढली, पुन्हा घातली.
मला अक्षर कळलं नाही.
श्रुतलेखन घेतात तसं घेतलं,
जोडाक्षरं अंदाजाने,
त्याने श्वास घेतला तिथे स्वल्पविराम.

मग तो कागद दिवसभर उन्हात टाकला,
कोपऱ्यांवर दगड ठेवून,
मगच हात लावला.
हेही लिहायला हवं.

आठवड्याने मामलेदार कचेरीतून फॉर्म परत आला,
लाल शाईत : शेरा असंबद्ध. नवीन भरून द्यावा.
तोवर थिवीहून गाडी सुटली होती.
सतरा गेले की सोळा, नोंद नाही.

यंदा शाळेचे संडास बांधायला आलेल्या गवंड्यांत
त्या बाजूचा एक निघाला, सोमाय बोदरा.
मधल्या सुट्टीत त्याला वाचून दाखवलं.
शेंगदाणे खात ऐकत होता,
मध्येच हसला, मग चावायचा थांबला.
काय आहे? गाणं? प्रार्थना?
आईला सांगतोय, म्हणाला,
इथे एक फळ आहे,
त्याची बी बाहेरच लोंबते,
पिकली तरी कोणी आत घेत नाही.
पुढे चुकलंय, बाई.
तो दार म्हणतोय.
तुमची एक मात्रा जास्त पडलीय.

मी खोडरबर काढलं.
बॉलपेनची शाई, सहा वर्षांची.
कागद तेवढा पातळ झाला.