खरी नक्कल

दिवाळे गावाच्या नाक्यावर माझं दुकान, आठ बाय दहा.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो अर्ध्या तासात.
आरोपपत्राच्या नवव्या पानावर त्याचं नाव पडलंय:
"आरोपीच्या पतीच्या मालकीची आस्थापना."
आस्थापना!
पत्र्यातून गळणाऱ्या या खोपटाला
इतक्या मानानं कुणी हाक मारली नव्हती.

रक्कम रुपये चार हजार तीनशे बारा.
हे खोटं नाही.
मार्चअखेर होती, पालिकेचं मशीन बंद,
शिपाई गठ्ठा घेऊन आला, मी छापून दिला,
बिल फाडलं, कारण बिल फाडायची सवय आहे.
रात्री तिला सांगायचं राहिलं.
घोळ मासा आला होता घरी, पाहुणे होते.
हे वकिलांना सांगितलं तेव्हा
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

ती लेखापरीक्षण विभागात, बावीस वर्षं.
धारण तलावातल्या गाळाचं बिल टेबलावर आलं
आणि तिनं फक्त बेरीज केली.
एक डंपर. एक दिवस. एकशे चाळीस खेपा.
कंत्राट सभापतींच्या मेव्हण्याचं,
मंजुरीच्या बैठकीत सभापती स्वतः हजर.
हिरव्या शाईत तिनं लिहिलं: खुलासा व्हावा.
अकराव्या दिवशी
खुलासा मागायला दोन माणसं आमच्याच दारात उभी.

आई म्हणाली, मोठ्यांच्या जाळ्यात हात घालू नये,
म्हावरं त्यांचं, काटे आपले.

सतरा महिने निलंबन. अर्धा पगार.
घरी बसून तिनं दूधवाल्याच्या वहीतसुद्धा
हिरव्या टिकल्या केल्या.
बाजारात बायका तिच्याशी नीट बोलायच्या,
जरा जास्तच नीट.

मग कोर्टानं सोडलं.
त्या बिलावर तिची सही नव्हती, एवढंच कारण.
कामावर परत घेतलं, जन्म-मृत्यू नोंदणीत.

आणि आता तिनं दावा लावलाय, ठाण्याच्या कोर्टात:
सूडबुद्धीनं खटला भरला, नुकसानभरपाई मिळावी.
वादी, सौ. ज्योत्स्ना मोरेश्वर तांडेल, वय सत्तेचाळीस.
परिच्छेद चौदा तिनं स्वतः लिहिलाय:
"सदर रक्कम वादीच्या पतीस मिळाली, हे खरे आहे."
वकील म्हणाले, बाई, हे काढा.
त्यांना सिद्ध करता आलं नाही, तुम्ही कशाला देताय हातात?
ती म्हणाली, राहू दे.
मी खुर्चीत बसलो होतो. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

दाव्याच्या सहा प्रती हव्या होत्या.
माझं मशीन गरम होतं, कागद भरलेला.
ती माझ्या दुकानावरून पुढे गेली,
सेक्टर पंधरातल्या दुसऱ्याच्या दुकानात,
रांगेत उभी राहिली, पैसे दिले,
पावती मागून घेतली आणि फाइलीला टाचली.
त्याचा ड्रम खराब आहे.
प्रत्येक पानाच्या कडेनं एक बारीक काळी रेघ उतरलीय,
परिच्छेद चौदामधून तर थेट अक्षरांवरून.
मला ते पहिल्या नजरेत दिसलं.
बोललो नाही.

काल तारीख होती. पुढची तारीख पडली.
परतताना तलावाजवळ बसमधून उतरलो.
ओहोटी होती. झडपांपासून पार खारफुटीपर्यंत गाळ,
इतका जुना, इतका घट्ट
की बगळे त्यावर ऑफिसात आल्यासारखे हिंडत होते.
ती कठड्याशी थांबली. ओठ हलत होते.
किती असेल, मी विचारलं.
"गाळ आता माझ्या विभागात येत नाही," ती म्हणाली.

पंपहाऊस मागं पडलं,
भेळवाला मागं पडला,
आणि गावाच्या वळणावर, माझ्याकडे न बघता,
तिनं आकडा सांगितला.