प्रतवारी

पहिल्या पन्नास पेपरांत विचलन म्हणजे
दारू, जुगार, पळून जाऊन केलेलं लग्न.
गाईडच्या पान त्रेचाळीसवरचे चार मुद्दे,
चौथ्यातली छपाईची चूकसुद्धा जशीच्या तशी.
मी टिक करत जाते. पाचापैकी तीन. पाचापैकी तीन.
मी तासिका तत्त्वावर. पेपरामागे सहा रुपये,
तेही दिवाळीनंतर,
तेही बिलावर कुणी शेरा मारला नाही तर.

शेजारी आई. शेडवर लाईट गेली म्हणून
बेदाण्याची पाटी घरीच आणलीय.
हिरवा एकीकडे, पिवळा एकीकडे,
काळा मागं, देठ फरशीवर.
'एकाच घडाचं अस्त्यात गं समदं,
कुणाला ऊन कसं लागलं, तेवढंच.'
मी म्हणते, हे पुस्तकात नाही.
'मग पुस्तक नीट वाळीवलं न्हाय कुणी.'

तासगावात बाईला तीनशे, गड्याला पाचशे,
गडी पेट्या उचलतो म्हणून.
हे मी वर्गात स्तरीकरणाचं उदाहरण म्हणून सांगते,
आईचं नाव न घेता.

एक्कावन्नावा पेपर.
नाव दुमडून पिन मारलीय,
पण 'र'चं एवढं लांब शेपूट केसरी काळेचंच.
शेवटचा बाक, दाराजवळ.
दाराजवळ का, मी कधी विचारलं नाही.

'मॅडम, पुस्तकात आहे की नियम मोडतो तो विचलित.
आमच्या पालावर नियम एकच आहे.
जीपचा आवाज आला की पळायचं.
ताटावरून, अंथरुणातून, बाळंतीण असली तरी.
मागच्या जूनमध्ये गावात पाण्याची मोटर चोरीला गेली.
सगळे पळाले. माझा भाऊ रेवण उभा राहिला.
त्याला दहावीचा निकाल दाखवायचा होता.
साहेबांनी कागद उलटसुलट बघितला,
म्हणाले, हा कुणाचा चोरला?
म्हणून आमच्यात रेवण विचलित आहे.
आई अजून त्याला बोलते, मोठा आला उभा राहणारा.

दुसरे उदाहरण माझे.
ठरलेलं लग्न मोडलं म्हणून पंचांनी पाच हजार दंड लावला.
तो मी हप्त्याने फेडते.
आणि वर्गात माझ्या बाटलीशेजारी
कुणी आपली बाटली ठेवत नाही.
म्हणजे मी दोन्हीकडे विचलित आहे.
हे एक उदाहरण धरायचं की दोन, कृपया कळवावे.'

व्याख्येला एक गुण, कारणांना दोन,
उदाहरणाला एक, समारोपाला एक.
व्याख्या नाही. समारोप नाही.
मुद्दे अधोरेखित केलेले नाहीत.

गेल्या वर्षी स्टाफरूममधून
माझी दोनशेची नोट गेली होती.
तास घ्यायला आले
आणि हजेरी घ्यायच्या आधी
शेवटच्या बाकाकडे पाहिलं.
बोलले काहीच नाही. कुणालाच नाही.
तिने मात्र बाकाखाली
पायात चप्पल सरकवली, हे दिसलं मला.
नोट संध्याकाळी माझ्याच डायरीत सापडली.
मी ती मोडून भाजी घेतली.

'काय गं, हात का थांबला?'
हे कुठल्याच ढिगात बसत नाही, आई.
ती एक दाणा दिव्याकडे धरते.
धड हिरवा नाही, धड काळा नाही.
'असला निघाला की मी खाऊन टाकते,' म्हणते,
आणि खाते.

पूर्ण गुण दिले तर वेगळ्या कागदावर
कारण लिहून द्यावं लागतं.
कारणाचा रकाना बोटभर.
मी पाच लिहिते, पाच खोडत नाही,
रकान्यात 'उदाहरण' एवढा शब्द लिहून
पुढे जात नाही.

मार्केट यार्डाकडून एक गाडी येतेय.
इतकी वर्षं या घरात राहते,
आज पहिल्यांदाच
कान देऊन ऐकतेय
कसली आहे ते.