प्रश्न नववा

एप्रिल. सक्करदऱ्याच्या वाचनालयात
वाळ्याचा कूलर असा गरजतो
की प्रश्न दोनदा विचारावा लागतो.
‘टाकणखार’ बंद पडलं त्याला यंदा चाळीस वर्षं.
मासिक बंद पडल्याचा कार्यक्रम करतं का कोणी?
आमच्याकडे करतात, वर तर्री-पोहे ठेवतात.

अर्धे प्रश्न अंकांवर, अर्धे हिऱ्यांवर.
हिरे काऊन, असं एकानं विचारलंच.
बक्षिसं इतवारीतल्या पेढीची, म्हणून.
आणि प्रश्न काढणारा मी,
त्याच पेढीवर एक्केचाळीस वर्षं
डोळ्याला भिंग लावून बसलेला.

पहिला सोपा होता. टाकणखार म्हणजे काय?
पोरं एकमेकांकडे पाहतात.
अरे, सोन्याला डाग देताना लावतात तो.
दोन तुकडे जुळतात, तो जळून जातो.
सदाराम हेडाऊंनी पहिल्याच अंकात छापलं होतं हे,
तरी निम्मी इतवारी म्हणायची, हेडाऊनं औषधाचं दुकान काढलं.

एक कॅरट म्हणजे किती? ग्रॅमचा पाचवा हिस्सा. बरोबर.
वार्षिक वर्गणी? सहा रुपये. बरोबर.
(येत किती होती, ते मी विचारलं नाही.)
हिरा जळतो का?
नाही, म्हणाला चष्मेवाला मुलगा, फार खात्रीनं.
जळतो बाबा. कोराडीला जळतो त्या कोळशाचाच भाऊबंद,
आणि माझ्या हातातल्या या पेन्सिलीचाही.
शून्य.

मग नववा.
सातवा अंक पाच महिने रखडला, तो शेवटी कशामुळे निघाला?
हेडाऊंची नात उठून उभी राहिली.
उठायचं नसतं, तरी उठली.
“आजीनं नाकातली हिऱ्याची चमकी विकली. कागद घेतला.”
टाळ्या. कूलरपेक्षा मोठ्या.

मी एकोणीस वर्षांचा होतो त्या दुपारी.
गयावहिनी आल्या, चमकी पुडीत बांधलेली,
पुडी म्हणजे सातव्या अंकाचंच एक कच्चं पान.
“सासूबाईनं देल्ली होती, भाऊ. पाहा ना, काय येते ते.”
हरकचंद शेठनं खडा काढला,
पान गादीवर पसरलं, खडा उपडा ठेवला एका ओळीवर,
आणि मला खुणेनं बोलावलं.

खऱ्या हिऱ्यातून अक्षर वाचता येत नाही.
उजेड आत फिरत राहतो, खालचं काही वर येऊ देत नाही.
मी वाकलो.
खड्याखाली ‘ळ’ होता.
सगळा दिसत होता, वेलांटीसारखी त्याची दोन्ही पोटं,
शाई जिथं फुटली होती ती जागासुद्धा.

शेठ कंजूष माणूस. चहा अर्धा कप पाजायचा.
काट्यावर खडा ठेवला, उगाच दोनदा तोलला,
तीनशे चाळीस मोजून दिले,
वहीत लिहिलं: हिरा, एक नग.
वहिनी गेल्यावर मी तोंड उघडलं,
तर म्हणाला, “ते पान नीट घडी कर. वाचायचं आहे.”
वाचलं की नाही, देव जाणे. मराठी त्याला अडखळतच यायची.

पोरगी अजून उभीच आहे.
परीक्षक म्हणून माझ्याकडे बघतात सगळे.
उत्तरपत्रिकेवर मी लिहून आणलंय ते तिसरंच काही आहे,
पहाटे तीनला लिहिलेलं, खरं, आणि अगदीच निकामी.

“बरोबर,” मी म्हणालो. “दहापैकी दहा.”
चष्मेवाल्यानं हरकत घेतली, बाकीच्यांना पाचच कसे?
मी म्हटलं, प्रश्न कठीण होता.

रात्री घरी आलो. गुणांचा कागद टेबलावर.
शेठ गेला त्या वर्षी त्याच्या मुलानं मला एक डबी दिली होती,
जुना माल, तुम्हीच ठेवा म्हणून.
खडा काढला, कागदावर उपडा ठेवला.
दहा.
एकही टोक न हरवता, दहा.