किल्ल्याची वाटणी

दोनात्स पुढे, मी मागे.
त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर राखायचं,
वारा त्याने फोडायचा, मला आयता आडोसा;
चढावर मात्र हिशेब फिरतो.
अडुसष्टचा आहे. गुडघे त्याचे, सायकल नातवाची.
नातू आयर्लंडमध्ये अळिंबी खुडतो,
आणि ही निळी, बोटावर तोलावी इतकी हलकी सायकल
तीन वर्षं गोठ्यात खुंटीला टांगलेली.
शेवटी म्हातारा म्हणाला,
घोडं नुसतं बांधून ठेवलं की बिघडतं.

लाटगालेत सपाट असं काही नाही.
रस्ता चढतो, दम खातो, उतरतो,
आणि उताराच्या तळाशी प्रत्येक वेळी एक तळं,
जणू कुणी भांडं घासून
पालथं घालायचं विसरलंय.
मी मोजत होते. अकराव्यानंतर सोडलं.

दोनात्स सहसा गिअर बदलत नाही.
एकतीस वर्षं टपालखात्याची लोखंडी सायकल हाणली त्याने,
पेन्शनची पाकिटं, तारा, कोंबडीची पिल्लं —
हो, जिवंत, भोकं पाडलेल्या खोक्यातून चिवचिवणारी.
हलकी सायकल त्याला अजून खोटी वाटते.
वाटेवरची कुत्री त्याला ओळखतात.
म्हणजे भुंकतातच, पण मान राखून.

एझेरकाल्नच्या टेकडीखाली माझी ट्यूब फुटली.
वर किल्ला. किल्ला म्हणजे दीड भिंत,
एक खिडकी, दोन्हीकडून बाहेरच उघडणारी,
आणि फलक : चढू नये.
टायर उचकटत मी म्हटलं, तोफांनी पाडला ना हा?
शाळेत होतं काहीतरी, स्वीडनवाले, रशियावाले,
कोण आधी, कोण नंतर —
त्याने ट्यूब गालाशी धरली,
भोकातली फुंकर गालाला लागेपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला,
तोफांनी बुरूज पाडला असेल एखादा.
बाकीचा आम्ही नेला.

आज्याने दोन खेपा केल्या, बर्फगाडीवरून.
थंडीत ओझं सोपं जातं आणि पावलंही बुजतात.

पुढे मग हात न सोडता, हनुवटीने दाखवत गेला :
यानिनाच्या विहिरीचा काठ, तो दरवाजा.
हे धुराडं म्हणजे पागा असावी, अजून घोड्यांचा वास येतो
असं यानिनाची सासू म्हणायची, ती काहीही म्हणायची.
वीतोल्ड्स कुंभाराची भट्टी.
मधमाश्यांच्या पेट्यांखाली चार-चार.
चर्चच्या पायरीला एक, पाद्र्याला न विचारता.
"एकतीस वर्षं दारोदार टपाल टाकलं,
म्हणजे किल्ल्याच्या आतच फिरत होतो म्हण."

उताराला लागलो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी.
डावीकडे तळं, उजवीकडे तळं,
मध्ये ओटच्या शेतात करकोचा, सरकारी तपासनीसासारखा.
मग एक घर आलं, कुलूप.
टपालपेटीतून सुपरमार्केटचे कागद लोंबतायत.
पुढचंही कुलूप. त्यापुढचं.
हनुवटी सवयीने वळली, पण तो काही बोलला नाही.
चढ नव्हता तिथे,
तरी त्याने गिअर बदलला.

संध्याकाळी त्याच्याकडे ताक प्यायलो.
मे महिना, तरी भट्टी जराशी पेटवलेली;
माझे हातमोजे त्याने तिच्यावर वाळत घातले
आणि एक वीट दाखवली, कमरेच्या उंचीला.
विटेत कुत्र्याचा पंजा.
चार बोटं, गादी, नखांचे टोचे,
आणि एका बाजूला जरा घसरलेला :
ओल्या मातीवरून पळताना वळलं असणार ते.
कुणीतरी नक्की ओरडलं असणार.
काय नावाने, ते कोण सांगणार.

नातू लहानपणी त्यात बोटं घालून बसायचा, म्हणाला.
त्या चार खळग्यांतली काजळी
बाकी भिंतीपेक्षा कमी होती.

मी मोजे उचलले. गरम होते.
उद्या वारा उत्तरेचा, तो म्हणाला,
मागेच राहा.