अठ्ठावीस दिवस, वीस अंश

रात्रपाळीत माझ्या टेबलावर चार बाटल्या,
बाहेर उणे एकतीस.
बॉयलर वाफ करतो, वाफ चारशे मीटर खाली जाते,
डांबरासारख्या तेलाला ऊब देते,
आणि झोपेतून उठवलेल्या माणसासारखं
ते कुरकुरत वर येतं.
सोबत पाणी येतं. आम्हीच खाली पाठवलेलं,
येताना वाळूतला दगड पोटात घेऊन आलेलं.

तेच गाळायचं, तेच पुन्हा उकळायचं.
दगड नळीत बसला की नळी फुगते
आणि एखाद्या पहाटे फाटते.
ओरेस्ट ह्रिंचुकच्या मानेवर तशा एका पहाटेची खूण आहे.
तो तिच्यावर मफलर घेतो,
उन्हाळ्यातसुद्धा.

दगडाचं मॅग्नेशियावर भागतं.
माझ्याकडे काम आहे ते प्राणवायूचं:
नळीला गंज चढवणारा, पाण्यात लपलेला.

पहिली बाटली जुनी. हायड्राझिन.
एक कण मागे ठेवत नाही.
यंत्रांची तिच्याबद्दल तक्रार नाही.
उघडताना मात्र मी श्वास धरते,
आणि वीस वर्षं इथे श्वास धरलेला लिअँडर पाइक
आता न्यूफाउंडलंडला, बहिणीच्या घरी,
नाकाला नळी लावून विकतचा प्राणवायू घेतो.
डॉक्टर म्हणतात, सिगारेट.
असेलही.

दुसरीच्या लेबलवर हिरवं पान.
कॅल्गरीचा विक्रेता म्हणाला, निसर्गात विरघळून जातं,
अठ्ठावीस दिवसांत.
कुठल्या निसर्गात?
प्रमाणित, तो म्हणाला.
किती अंशांवर?
त्यानं कागद उलटला, पुन्हा उलटला.
वीस.

आमचं तळं वीस अंश असतं
जुलैत, काठाशी, पोरांच्या गुडघ्यापर्यंत.
बाकीचं वर्ष चार,
आणि डोक्यावर हातभर बर्फ.

तिसरी झाडाच्या सालीची. रंग चहाचा.
मला वाटलं, ही आपली.
रोझली मावशीला वास दिला;
हरणाची, मूसची कातडी कमावण्यात तिची हयात गेली.
ती म्हणाली, आम्ही कातडं मेंदूनं कमावतो गं, सालीनं नाही.
आणि साल आहे म्हणून काय,
विषारी झाडालाही सालच असते.
मग बाटली परत देत म्हणाली,
दलदलीचं पाणी तर आधीच या रंगाचं आहे.
हे वाईट म्हणून की चांगलं म्हणून,
ते तिनं सांगितलं नाही.

चौथीत नुसतं तळ्याचं पाणी,
बर्फाला भोक पाडून आणलेलं.

सगळं सांडपाणी खोल विहिरीत जातं, कागद सांगतो.
मागच्या मार्चमध्ये एक जोड निसटला,
आणि ते बर्फावर गेलं. कागद त्या दिवशी सुट्टीवर होता.

म्हणून चौथीतलं पाणी मी बरण्यांत वाटलं,
दुसरीतले, तिसरीतले थेंब मोजून टाकले,
जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, चार अंशांवर,
कुणाच्या तरी लसान्याशेजारी.
चिठ्ठी लावली: पिऊ नये. बर्नाडेट झानव्हिए.

आज अठ्ठाविसावा दिवस.
पानवाली दोनतृतीयांश अजून जशीच्या तशी.
सालवालीही पुरती गेलेली नाही,
पण तिच्यात सोडलेल्या वीस पाणपिसवांपैकी
सतरा उड्या मारतायत.
पानवालीत सहा.
पहिलीची बरणी मी मांडलीच नव्हती.
काही उत्तरं पिसवांकडून काढून घेऊ नयेत.

अर्जात एकच चौकोन आहे:
पर्यावरणस्नेही. हो किंवा नाही.
दगडापेक्षा वीट मऊ,
यासाठी चौकोन नाही.

मी तिसरीचं नाव लिहिते,
चौकोन कोरा ठेवते, शेजारी बारीक अक्षरात:
चार अंशांवर पुन्हा विचारा, साठाव्या दिवशी.
ओरेस्ट डबा घ्यायला येतो, फ्रिज उघडतो,
बरणीकडे बघत बसतो.
हलतायत, म्हणतो.
हो, अजून.
तो दार हळूच लावतो,
त्यांची झोप मोडू नये इतकं हळू.